वारा पडला की हिशेब थांबतो

स्ट्रॉन्से बेटावर वारा पडणं म्हणजे
घरातल्या बोलक्या माणसानं एकाएकी गप्प होणं.
काय बिनसलं म्हणून सगळे दार उघडून बघतात.
आज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तो पडला
आणि माझ्या यादीतली एकवीस यंत्रं पाठोपाठ निजली :
शाळेच्या तळघरातली सहा, खेकड्यांच्या कारखान्यातली नऊ,
चर्चच्या घंटेखालची पाच,
आणि एक थोरा फ्लेटच्या कोठीघरात.

माझी नोकरी एवढीच :
पवनचक्क्या गरजेबाहेर वीज पिकवतात
आणि समुद्राखालची केबल आता पुरे म्हणते,
तेव्हा ती फुकट जाणारी वीज धरून काम वाटायचं.
चिमूट इथं, मूठ तिथं.
ज्याचं जातं रिकामं त्याच्याकडे दळण.

दळण म्हणजे बायका.
सहा हजार दोनशे अकरा, साऱ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या,
नावं काढून घेतलेल्या.
हाडांची घनता. खुर्चीवरून उठायला लागलेले सेकंद.
गेल्या वर्षी किती वेळा पडलात.
पडल्यावर किती वेळ जमिनीवर होतात.
एकट्या राहता का.
(या शेवटच्या रकान्यात इतके होकार
की मला आधी वाटलं, माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक आहे.)
यातून काढायचं : पुढल्या दहा वर्षांत
कुणाच्या खुब्याचं हाड मोडेल.

कोठीघरातलं यंत्र थांबलं तेव्हा नोंद होती ४१७.
मी बघायला नको होतं.
जन्म चाळीसचा. जुळं, त्यातलं एक राहिलं नाही.
डावं मनगट दोनदा.
मी लॅपटॉप मिटला.
कुणी ओळखू येता कामा नये,
हा नियम मीच लिहिलाय, आणि तो चांगला आहे.

फ्यूज बघायच्या निमित्तानं गेले.
थोरानं यंत्रावर कणकेचं पातेलं ठेवलेलं,
ओल्या फडक्यानं झाकून.
'तुझा पेटारा निजला गं, पाव फुगेना,' म्हणाली.
'एवढं तापून करतो तरी काय आत?'
हिशेब.
'कुणाचा?'
पडणाऱ्या बायकांचा.
'मग त्यात मीही असेन. नर्स आली होती,
पाचदा उठबस करायला लावली पोरीनं,
शाळेतल्या शिक्षेसारखी.'
आणि हसली, डावा हात उजव्यात धरून.

मग वाऱ्याबद्दल बोलली, तो नव्हता म्हणून.
'मी बारा वर्षांची होते. एका सकाळी त्यानं
आमची खुराडी उचलली, समुद्रात टाकली, कोंबड्यांसकट.
त्या अंड्यांवर आई मला बूट घेणार होती.
तेव्हापासून तो माझं देणं लागतो.
तुझा पेटारा ऊब देतो ना फुकट,
ते मी व्याजात धरते.'

बोलता बोलता स्टुलावर चढली,
वरच्या फळीवरचं मीठ काढायला.
तीन पायांचं स्टूल, एक पाय आखूड.
माझे दोन्ही हात आपोआप वर गेले,
छताखाली पाखरू शिरावं तसे.
४१७चा निकाल अजून यायचा होता.
'मी काढते,' म्हटलं.
'का? तुझी उंची माझ्याहून कमी,' ती म्हणाली. खरंच होतं.

साडेअकराला खिडकीची काच हलकेच वाजली.
पेटाऱ्यावरचा हिरवा दिवा लागला, पंखा कुजबुजला,
आत कुठेतरी नोंद पुढे सरकली.
आम्ही पातेल्याकडे बघत बसलो.
आत काय ठरतंय ते एकीला माहीत नव्हतं,
दुसरीला विचारायची मुभा नव्हती.
फडकं बोटभर वर आलं.
'अजून थोडं,' थोरा म्हणाली.

निघताना मी ते स्टूल गाडीत टाकलं.
स्टुलाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी फोन.
'माझं स्टूल कुठाय?'
वाऱ्यानं नेलं असेल, मी म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसतं घोंघावणं.
मग ती म्हणाली,
'म्हणजे देणं वाढलं.'