आकडा

भोसरीत आकडा म्हटलं की आधी मटका,
मग रात्री विजेच्या तारेवर टाकतात तो.
आमचा तिसरा:
विमानाच्या शेपटीखाली लोंबणारा,
बोटीवर आडवा ताणलेला दोर पकडणारा.

टपरीवरचा सादिक विचारायचा, ताई, आज आकडा काय?
मी म्हणाले, चोपन्न रॉकवेल.
त्याने चोपन्न लावला, आणि लागला.
आठवडाभर माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

विमान आम्ही पाहिलंच नव्हतं.
नकाशे तुकड्यातुकड्यांनी यायचे,
घडी घालायची नाही, सही करून परत द्यायचे.
एवढंच कळलं की ते लहान ठेवायचंय,
इतकं लहान की बोटीवर पंख दुमडावे लागू नयेत,
मग बिजागऱ्या नकोत, बिजागऱ्यांचं वजन नको,
वजन नको तर चाकंही बारीक चालतील.
बंगळुरूहून रेवणकर यायचे.
वाण्याकडे माणूस वर चिमूटभर जास्त मागतो,
हे कमी मागायचे.
अजून चाळीस ग्रॅम काढा, घुले.

अंबादास घुले चाळीस ग्रॅम काढायचा.
त्याने समुद्र एकदाच पाहिलेला, हरिहरेश्वरला,
मेहुण्याच्या अस्थी घेऊन.
त्याने विचारलं, साहेब, दोर हुकला तर?
रेवणकर म्हणाले, तर लगेच पुन्हा उडायचं.
म्हणून टेकताना इंजिन पूर्ण जोरात ठेवतात.
थांबायचंय म्हणून पूर्ण जोर?
हो.
अंबादास दिवसभर मान हलवत होता.

एका गुरुवारी न सांगता वीज गेली,
भट्टीतला अख्खा लॉट भंगारात.
पुढच्या लॉटमध्ये मला अंधाऱ्या खोलीत
जांभळ्या दिव्याखाली एक रेघ दिसली,
हिरवी, केसाएवढी, टाचेच्या वळणावर.
मालकांनी विचारलं, नक्की? पुन्हा बघा.
मी पुन्हा बघितलं. रेघ तिथेच होती.
त्या दिवाळीला बोनस झाला नाही
आणि तीन महिने कुणी माझ्यासोबत डबा खाल्ला नाही.
घुलेने खाल्ला.

मग ते उडालं म्हणे. बोटीवर गेलं म्हणे.
आम्हाला पत्र नाही, फोटो नाही.
फक्त दोन वर्षांनी ऑर्डर: सुटे भाग, आकडे, बारा नग.
बारा झिजले, म्हणजे बारा विमानं
पुष्कळदा परत आली.
एवढीच बातमी, तीही आम्हीच लावलेली.
बारा. पुन्हा बारा. पुन्हा बारा.
मग एका वर्षी अकरा.

टायपिंगची चूक असेल, मालक म्हणाले.
अंबादासने कागद माझ्याकडे दिला,
मशीन बंद केलं,
चिंधीने पुसत राहिला, पुसलेलंच.

तो गेल्याला आता सहा वर्षं झाली.
मी रिटायर. शेड विकली, तिथे आता मोबाइलची कव्हरं बनतात.
आणि परवा आळंदी रस्त्याला रिक्षा सिग्नलला थांबली
तर चौकात, चबुतऱ्यावर, ते.
खरंच लहान.
मुलं पंखाखाली फोटो काढत होती,
हवा खेचायच्या तोंडात साळुंकीने काड्या भरलेल्या.

मी मागे गेले. वॉचमन ओरडला, आजी, खाली वाका नका.
आकडा होता. वरून रंगाचे तीन-चार हात,
पिवळे-काळे पट्टे, बोअरवेलच्या पाइपासारखे.
नखाने खरवडलं तर अंबादासचा ठोसा सापडला,
थोडा तिरका, घाई असली की तो मारायचा तसा.

मग टाचेवरून अंगठा फिरवला.
गेज नव्हतं. चौतीस वर्षं गेज धरलेला अंगठा होता.
झीज किती चालते ते मला पाठ आहे.
हा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला.
म्हणजे शेवटी शेवटी कुणीतरी, भर समुद्रात,
बदली नग नव्हता म्हणून, किंवा घाई होती म्हणून,
मी नापास केला असता असल्या लोखंडावर
उतरत राहिलं,
आणि त्याने धरलं.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
अंगठ्याला पिवळा रंग लागलेला, तो पदराला पुसला.
झीज किती ते मला कळलं होतं.
तो आकडा मी कुठे लिहिला नाही.