आमच्या माहितीप्रमाणे

वेकफिल्डच्या औद्योगिक वसाहतीत, युनिट अकरा,
टायरच्या गोदामाला लागून,
आमचं स्टीलचं एक मोठं पातेलं आहे.
मंगळवारी त्यातून निघतं ते क्रीम
नऊ पौंडांच्या डबीत जातं, चौतीसच्याही.
चौतीसच्या झाकणावर ससा असतो.

ससे रिळावर येतात. एका रिळात पाच हजार.
या खेपेला छापणारा चुकला,
सशाला डोळाच नाही.
मी डोरीनला म्हटलं, डोळा काढायचा राहिलाय.
मराठीतच म्हटलं, तोंडातून गेलं,
आणि मग माझं मलाच
त्या वाक्याचे दोन अर्थ ऐकू आले.
चित्रात काढतात तो डोळा. आणि दुसरा.
डोरीनला हे इंग्रजीत कसं सांगणार?
एवढंच म्हटलं, रीळ परत पाठवू या.
गॅरेथ म्हणाला, कोण बघतंय. लावा.

माझं काम तसं कागदांचं.
एकेका द्रव्याची एकेक फाइल,
प्रत्येकीत कुणाची तरी हमी.
क्रीममधली चकाकी अभ्रकाची. तिची फाइल सगळ्यात पातळ.
रॉटरडॅमचा दलाल, कोलकात्याचा निर्यातदार,
'खाण' या रकान्यात: लागू नाही.
खाली सही, तारीख, आणि
आमच्या माहितीप्रमाणे
कुठल्याही टप्प्यावर बालमजूर नाहीत.

अभ्रक मी ओळखते.
अण्णांचं जतला इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं.
नवी कॉइल ते अभ्रकाच्या दोन पापुद्र्यांत बसवायचे,
नखाने पदर सोडवताना
श्वास धरून ठेवायचे.
मोडके तुकडे आमचे. डोळ्याला लावून
सूर्य पाहायचो, तांबूस, चिंचोक्याएवढा.
अण्णा, हे कुठून येतं?
सांगलीहून.
सांगलीला कुठून?
तू गिऱ्हाइकाला पावती दे.

एकदा मी कोलकात्याला फोन लावला.
पलीकडचा माणूस भला होता, पाल म्हणून.
मॅडम, म्हणाला, माल जंगलातून येतो,
गोणीत येतो. गोणीवर
वेचणाऱ्याचं वय लिहिलेलं नसतं.
मग लगेच, तुम्हाला कागद कसा हवा ते सांगा,
तसा पाठवतो.

पाठवलाही. दुसऱ्याच दिवशी, निळ्या शिक्क्याचा, सुरेख.
फाइल जरा बाळसेदार झाली.

मार्चमध्ये तपासणीच्या बाई आल्या,
स्वेटरभर मांजरीचे केस.
सशाचे कागद त्यांनी पानन् पान वाचले.
खोटं कशाला बोलू, सशाचं खरं आहे,
आमच्याकडे ना ससा ना उंदीर,
असलाच तर टायरवाल्यांचा.
अभ्रकाची फाइल उघडली,
शिक्का बघितला, मिटली.
चहात साखर नको म्हणाल्या.

मी बोलू शकले असते.
पालचं वाक्य जिभेवर होतं, हिंदीत, जसंच्या तसं.
पण माझी सही त्या पानावर
शिक्क्याच्या बरोबर खाली आहे,
आणि घराचा हप्ता एक तारखेला जातो.

काल जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही.
रीळ पुढ्यात घेऊन बसले आणि बॉलपेनने
डोळे काढत गेले. सतरा झाले.
मग भोंगा वाजला.
चार हजार नऊशे त्र्याऐंशी तसेच गेले.

सतरातली एक डबी मी घरी आणली,
कामगारांना निम्म्या भावात मिळते.
क्रीम चांगलं आहे, गालाला लागलं की
ट्यूबलाइटमध्येही उजळ दिसते मी,
लेक म्हणाली, आई, लग्नाला निघालीस का?
रोज लावते.
झाकण मात्र
उलटं करून ठेवते.