सात नंबर

पहिल्यांदा भरला तो गोकाकच्या करदंटाचा रिकामा डबा.
झाकणावरचं चित्र पुसलेलं, पण झाकण घट्ट बसायचं.
बाईंचा घसा बसून तिसरा आठवडा.
एका खोलीत पहिली ते पाचवी, वर पत्र्यावर वानरं.
म्हणून ज्येष्ठमध, खडीसाखर,
लाल पेनच्या चार कांड्या,
सेफ्टी पिनांचा एक पत्ता,
कणकुंबीच्या नणंदेकडचं आगळ, खोकल्याच्या बाटलीत,
आणि बाम.
अंगारा ठेवला न्हाई. सौंदत्तीचा होता घरात.
पण बाईंच्या कपाळाला आधीच
सगळ्यांनी काय काय लावून ठेवलंय.

मी हितली स्वयंपाकीण, यल्लव्वा.
भात, सांबार, उकडलेली अंडी,
अंडं न खाणाऱ्याला केळं.
आणि एक बिनपगारी काम:
सुत्तोले आली की वाचून दाखवायची.
माझं माहेर बैलहोंगल, कानडी सातवी पास.
बाई वडगावच्या, त्यांचं कानडी बाजारापुरतं.
कागदावरचं कानडी तर मलाबी जड जातं.
दोघी चुलीपाशी एकेक वाक्य फोडतो
नारळ फोडावा तसं,
आणि आत पाणी नसतं,
नुसती तारीख असते.
मतदारयाद्या. जंताच्या गोळ्या.
अंड्यांचा हिशेब मोबाईलवर, रेंज टाकीवर.
पटावर एकोणीस.
वीस का न्हाईत, लेखी कळवा.

आठ दिवसांत डबा मोकळा.
ज्येष्ठमध येडग्यांच्या धाकटीच्या तोंडात,
पिना पोरींच्या उसवलेल्या स्कर्टांना,
आगळ बस्त्यावच्या पोटात,
कांड्या चौथीला, लाल शाईनं आंबे काढायला.
बाम, खरं सांगते,
माझ्याच गुडघ्याला. त्यांनीच चोळला.

म्हटलं, थांबा.
आता असं आणते, जे दुसऱ्या कुणाला बसणारच न्हाई.
फाट्यापासून शाळेपर्यंत दोन किलोमीटर नुसती खडी,
बाईंच्या चपलेचा अंगठा तीनदा शिवलेला.
त्या फळ्याकडं वळल्या तेव्हा
दारातल्या चपलेत हळूच पाय घालून बघितला.
बरोबर बसला. सात नंबर.
खानापुरात दुकानदार म्हणाला, अक्का, तुम्हालाच काय?
म्हटलं, हौदु.

तिसऱ्या दिवशी तो जोड चुलीशेजारी,
तोंड माझ्याकडं करून ठेवलेला.
'तुम्हाला होतील,' बाई म्हणाल्या,
'तुमची चप्पल मी घालून बघितलीय,
तुम्ही पाण्याला गेलेला तेव्हा.'

तेव्हापासून नवा जोड उंबऱ्यावर.
त्याच्यावरनं कोंबडी जाते, पोरं जातात,
आम्ही दोघी जुन्याच घालून
एकमेकींकडं बघतो.

आज काहीच भरलं न्हाई.
बाई हजेरी घेताना मधेच थांबल्या,
'सुरेखा' म्हणाल्या, मग परत 'सुरेखा',
आणि पुढचं नाव काय, आठवेना.
हाताला धरून आत आणलं,
तांदळाच्या पोत्यावर बसवलं, मोबाईल पिठाच्या डब्यात टाकला,
बाहेरून कडी.
पोरांना अंगणात रांगेनं बसवून
अंडी सोलायला दिली. आवाज न करता.
हे गणित हाय म्हटलं, साल अख्खं निघालं तर दहा मार्क.

नेमकी तेव्हाच जीप.
साहेबांनी विचारलं, टीचर कुठं?
म्या सरळ उभी राहून,
पदराला हात पुसून,
कागदावरच्या कानडीत सांगितलं:
मीटिंगमध्ये आहेत.
कुणाबरोबर?
ते मात्र सुत्तोलेत कुठं लिहिलेलं नव्हतं.
साहेबांनी अंड्यांकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं,
वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले.
काय लिहिलं ते येईल कागदावर.
फोडू तेव्हा.

आतनं बारीक घोरणं येऊ लागलं.
पोरं हसली. म्या डोळे वटारले.
मग हजेरीची वही उचलली,
वाचता येईना बाईंचं मराठी अक्षर,
म्हणून बोटानं डोकी मोजली,
ओंदू, एरडू, मूरू,
शेवटापर्यंत.
हत्तोंबत्तू.
झोपा बाई. सगळे हाईत.