अडीच सूत

अजमानच्या खाडीकडे पाठ करून बसलेलं
खलफानचं दुकान. पुढे तो आणि त्याच्या बरण्या,
मागे लेथ, लेथमागे मी.
बावीस वर्षं पाइप घडवतो. ओढला एकही नाही.

इथला पाइप म्हणजे मिदवाख:
करंगळीएवढा दांडा, टोकाला वाटी एवढीशी
की मसुराचे चार दाणे टाकले तर पाचवा सांडेल.
दोन सुताचं गिरमिट. फार तर अडीच.
त्यात चिमूटभर दोखा, एक काडी, एक दम,
राख फुंकून माणूस परत गाडीत.

नवा होतो तेव्हा विचारलं होतं,
एवढं लाकूड, आणि भोक असं कंजूष का?
खलफान बोलला नाही.
बरणीचं झाकण काढून माझ्या नाकाखाली धरलं.
डोळ्यांतून पाणी आलं. मग कळलं.

इनेस साहेबांची तऱ्हा वेगळी.
जन्मभर बंदरात दुसऱ्यांची जहाजं आत आणली,
आता दोन ब्रायर सांभाळतात.
एक पाच सुतांची, आडासारखी अरुंद, खोल:
तिच्यात वड्या केलेली तंबाखू, घडी घालून,
जी सावकाश खाली उतरते.
दुसरी सात सुतांची, तोंड ऐसपैस:
धुरावर धरलेल्या काळ्या पानासाठी,
त्याला पसरायला जागा लागते.
एकदा चुकून अदलाबदल झाली
आणि साहेब इथवर आले, लिंबू चावल्यासारखं तोंड करून.
पान तेच. लाकूड तेच.
मी दोन्ही वाट्यांत बोट घालून पाहिलं
आणि जागा बदलून परत दिल्या.

केरबा गारगोटीचा, शेजारी वेल्डिंगला.
मिसरूड फुटल्यापासून तळहातावर चुना मळणारा गडी,
म्हणाला, आम्हाला काय तंबाखू शिकवताय!
दुकानातला सगळ्यात मोठा उचलला,
साडेतीन सुतांचा, पितळी कडीचा, शोभेला ठेवलेला.
काठोकाठ भरला. बेंबीपर्यंत ओढला.
आणि पायरीवर जो बसला तो उठेना.
ओठ पांढरे, कपाळावर घाम,
समोरच्या होड्या म्हणे आकाशात चढतायत.
खलफानने खजूर भरवला, पाणी पाजलं.
शुद्धीवर आल्यावर विचारतो,
"धोका आहे हे आधी का नाही सांगितलं?"
दोखा, म्हटलं. अरबीत भोवळ.
"एकच की मग."

त्याच्यासाठी दीड सुताची वाटी पोखरली,
लाज वाटावी इतकी लहान.
पैसे काढायला लागला. म्हटलं राहू देत,
त्यापेक्षा ओढू नकोस.
आता पैसेही देत नाही, ओढतोही.

शुक्रवारी हर्णैला फोन.
शलाका सांगते: आईचा गुडघा, परसातली ढासळलेली गडग,
परीक्षेचे मार्क, कालवं कशी मिळेनाशी झालीत.
मग तिचा आवाज जरासा खाली येतो
आणि ती म्हणते, बाबा...
तिथे मी म्हणतो, ठेवतो गं, लेथ चालू आहे.
शुक्रवारी लेथ बंद असतो.
तिला वाटतं मी पैसे वाचवतो. वाटू दे.

बाकाखाली, फडक्यात गुंडाळून,
ऑलिव्हचा एक तुकडा ठेवलाय, लाटांसारख्या रेषांचा.
बाहेरून घडवून झाला. घासून गुळगुळीत.
वाटी तेवढी राहिली.
कधीतरी, खलफान नमाजाला गेला की,
सात सुताचं गिरमिट चढवतो,
पाहतो, उतरवतो.
परवा त्याने पकडलं. गिऱ्हाईक कोण?
म्हटलं, आहे एक.
माप यायचंय.