पान दोनशे बारा

साताऱ्याच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
कुलपाच्या कपाटातून काढून दिलं त्यांनी मला
कॅप्टन थर्लो यांचं प्रवासवर्णन.
कातडी पुठ्ठा. नकाशा वाळवीनं
माझ्याआधीच वाचून संपवलेला.
बाई म्हणाल्या, शाईचं पेन नको, पेन्सिल चालेल.

भूमी अभिलेखात एकतीस वर्षं काढली मी
दुसऱ्यांच्या बांधांवर साखळी ओढत.
आमच्या उंबरवण्याचा उतारा कधी हातात आला नाही.
गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं
तेव्हा मी आईच्या पोटात होतो,
आणि जन्मलो तिकडे कडेगावच्या माळावर, पत्र्याच्या शेडात,
जिथं घागरभर पाण्याला मैलभर चालावं लागे.

साहेब लिहितो:
‘बावीस झोपड्या. रचनेचं भान नाही.
घरं एकमेकांकडे पाठ करून, भांडलेल्या जावांसारखी.’
साहेब मार्गशीर्षात येऊन गेला.
आषाढात येता तर कळतं,
पाऊस तिथं वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो,
आणि दार कुठं ठेवायचं ते तोच सांगतो.

‘एका म्हातारीनं रुपया दाखवूनही दूध दिलं नाही.
या लोकांना व्यवहार कळत नाही.’
गाय आदल्या रात्री व्याली असणार.
चीक विकत नसतात, साहेब. वाटतात.
नुसती वाटी पुढं केली असती
तर गूळ घालून, शिजवून, पानावर दिला असता.
अर्थात, हे मी म्हणतोय.
कदाचित म्हातारीला तुमचं तोंडच आवडलं नसेल.

‘वाटाड्या केरू. मख्ख आणि आळशी.
चढणीवर तीन वेळा बसला.’

इथं मी चष्मा काढला.

केरू शेलार माझा खापरपणजा.
आमच्यात ही गोष्ट चुलीपुढं सांगतात, ती अशी:
साहेब लालबुंद, लोहाराच्या भात्यासारखा धापतोय,
पण थांब म्हणायला जीभ उचलत नाही.
मग केरूच बसला, काटा मोडल्याचं सोंग करून.
तीनदा.
तिन्ही वेळा त्याच पायात.

पेन्सिल उचलली. वाटलं,
पान भरून दुरुस्त्या कराव्यात, कचेरीत करायचो तशा,
खाली सही, तारीख.
पण खालच्या ओळींत हा माणूस विहिरीत उतरला होता.
‘एकतीस पायऱ्या, अठरावी तुटलेली.
उंबराचं खोड पाच माणसांच्या कवेत मावलं नाही.
पहाटेआधीच कुठंतरी जातं सुरू झालं, झोप मोडली.’

वडील धरणाच्या काठावर उभं राहून
नुसतं बोट दाखवायचे: तिथं.
सरकारी कागदावर एक शब्द आहे: बुडीत.
फोटो कुणाकडे नाही.
आणि विहिरीच्या पायऱ्या आमच्यातल्या कुणी मोजल्या नव्हत्या.
रोज उतरतो त्या कोण मोजतं?

मग उलटं केलं. कोरा कागद घेतला,
आणि त्याच्या शिव्यांमधून गाव मोजत गेलो.
उंबरापासून विहीर चाळीस पावलं.
साहेबाच्या ढांगा लांब, म्हणजे आमची पन्नास धरावीत.
पण तो दमलेला होता,
म्हणून पुन्हा चाळीस.
विहिरीपासून ओढा, ओढ्याच्या वळणावर बावीस घरं,
बावीस दारं, पावसाकडे पाठ करून.
जात्याचं घर कुठलं, त्यानं विचारलं नव्हतं.
ते मी कुठंच दाखवू शकलो नाही.

पाच वाजले. बाई खिडक्या लावू लागल्या.
पानाची शेवटची ओळ राहिली होती:
‘रात्रभर कुत्री भुंकत होती. कशावर, देव जाणे.’

तिथं समासात, अगदी बारीक अक्षरात,
मी पेन्सिलीनं लिहिलं:
तुमच्यावर.