तोंडी परीक्षा

दौगावपिल्स, नोव्हेंबर. हीटर नुसताच गुरगुरतोय.
समोर झिनाइदा लुक्यानोवा, वय एकाहत्तर.
करडा पासपोर्ट, म्हणजे जन्म इथलाच,
पण नागरिक कुठलीच नाही.
मी परीक्षक. माझी आजी सायबेरियात गेली, नेलेली.
थडगं नाही. त्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

चित्र पुढे सरकवते : जंगल, मूल, टोपली.
‘काय दिसतं? लाटवियनमध्ये सांगा.’
क्रियापदं तिच्या जिभेवरून घसरतात.
बाहेर व्हरांड्यात तिचा नातू आणि आमचा पहारेकरी
हमरीतुमरीवर :
कोण आधी आलं, कोणत्या साली,
कुणाच्या रणगाड्यामागून.
(नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
दौगावा तिकडूनच वाहत येते.)

मग ती टोपलीवर बोट टेकवते.
‘बाराविका. गाइलेने. बेर्झलापे.’
एकेक अळंबी, देठाची माती झटकल्यासारखी.
शेजारच्या वेल्टानं शिकवलं, म्हणे, चाळीस पावसाळे.
‘आणि रशियनमध्ये?’
ती गोंधळते. ‘ती नावं मला येत नाहीत.’

चौथं नाव मलाच ठाऊक नव्हतं.
रात्री आईला फोन करते.
‘अगं, तुझी आजी असंच म्हणायची.’

व्याकरणात झिनाइदा नापास.
सही माझी.