डावं वळण

पाचपावलीच्या पुलावरून उतरून
डावीकडे वळलं की खर्रर्र.
उजवीकडे वळलं की काही नाही.
आठ दिवस मी रेडिओ मोठा करून गाडी चालवली.

इंद्रपाल खोब्रागडेनं चाक उतरवलं,
खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.
"ब्रेकले काही नाही झालं जी मॅडम.
मांगचा पत्रा सडला."

डिस्कच्या पाठीशी ताटाएवढा पत्रा,
कडा शेवेसारख्या.
त्यानं बोट लावलं तर तुकडा हातात आला.

मी म्हटलं, नागपुरात गंज?
इथं मे महिन्यात टॉवेल पिळेपर्यंत वाळतो.
तो गाडीखालून म्हणाला,
"हा जंग इथला नाही. गाडी समुद्राची दिसते."

होती.
विशाखापट्टणमला सहा वर्षं.
वाटणीत फ्रिज आणि पलंग त्यानं घेतला,
गाडी मी.
रोज संध्याकाळी तो ती थेट वाळूपर्यंत न्यायचा,
काचा खाली करायचा, मला लाटा ऐकवायला.
ते खोटं नव्हतं.
खालून मीठ लागत होतं, एवढंच.
वाकून कोण बघतं.

"नवीन टाकायचा तं हब काढा लागते.
बेअरिंग निघते का तुटते, सांगता नाही येत.
नाही तं कापून फेकतो. लय लोक तसेच फिरतात."

हा पत्रा करतो तरी काय?

"करत काहीच नाही.
चिखल येते, गोटे येते, तो सोसते.
ब्रेकले लागू नाही देत."

मी उलट्या टायरवर बसून चहा संपवला.
इंदोरा चौकातला सिग्नल तीनदा पडला.
मग म्हटलं, घासतं तेवढंच काप.
बाकीचं राहू दे.

कात्री कुरकुरली.
उरलेल्या अर्ध्या चंद्राला
त्यानं ब्रश मारून घासलं, लाल रंग फासला,
आणि बजावलं, "पावसाळ्याच्या आधी आणजा. हे कायमचं नाही."
कापलेले तुकडे कागदावर घेऊन विचारलं, हे?
भंगारवाला याचे काही देत नाही म्हणे.
तरी मी ते डिकीत ठेवले. का, ते विचारू नका.

घरापर्यंत चार डावी वळणं लागतात.
रेडिओ बंद ठेवला.
चौथ्यानंतर, घर आलेलं असताना,
आणखी एक घेतलं.